फ्रँकफर्टची पहिली व्यापारी सफर : चार दिवसांचा हिशेब

आपल्यापैकी अनेकांच्या मनात एकदा तरी युरोपची बाजारपेठ डोळ्यांनी पाहावी, असे येते. मग कोणी एजंट येतो, मोठी स्वप्ने दाखवतो आणि मागावर कमावलेली दोन-तीन वर्षांची पुंजी एका आठवड्यात उडून जाते. सफर वाईट नाही. बिनहिशेबी सफर वाईट. म्हणून कापडवाल्यांच्या कामाचे एकच शहर आम्ही इथे घेतो : जर्मनीतले फ्रँकफर्ट.

हे शहर जत्रेवरच वाढले. १२४० साली बादशहा फ्रेडरिक दुसरा याने तिथल्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना वाटेत संरक्षण दिले होते. १९७१ पासून तिथे ‘हाइमटेक्सटिल’ हे प्रदर्शन भरते. दर जानेवारीत चार दिवस. चादर, टॉवेल, पडदे, गादीचे कापड, म्हणजे घरात लागणारा सारा माल तिथे असतो. सोलापूरचे टॉवेलवाले तिथे जातात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या माणसालाही पाहण्यासारखे खूप आहे.

आमचा पहिला सल्ला हा, की पहिल्या वर्षी गाळा घेऊ नका. फक्त पाहणारे म्हणून जा. गाळ्याचे भाडे, सजावट, मालाची ने-आण हा खर्च बाजार समजल्यानंतरच परवडतो. आणि कर्ज काढून तर मुळीच जाऊ नका.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शेवटच्या पंधरवड्याची वाट पाहू नका. निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसही. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, केंद्राचा आकार वेगळा. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोऱ्या पानांचा हवा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेचा उतारा, आयकराची विवरणपत्रे, जीएसटीचा दाखला आणि प्रदर्शनाचे तिकीट यांत नाव व पत्ता एकसारखा असावा. व्हिसा हातात येण्याआधी परत न होणारे विमानाचे तिकीट काढू नका. ‘व्हिसाची गॅरंटी’ देणाऱ्याला दुरून सलाम करा. ती गॅरंटी कोणी देऊच शकत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. रांगेला वेळ धरून ठेवा. उतरल्या दिवशी कोणाला भेटीची वेळ देऊ नका.

प्रदर्शनाच्या दिवसांत हॉटेलचे दर चढतात. माइन्झ, ऑफेनबाख, हानाउ या जवळच्या गावांत राहिल्यास पैसा वाचतो. विमानतळावरून जाणारी एस-८ लोकल या तिन्ही गावांना जोडते. विमानतळ ते मुख्य स्टेशन पाव तासाच्या आत येते. तिकीट गाडीत चढण्यापूर्वी मशीनवर काढा. स्टेशनवर अडवायला फाटक नसते, पण तपासनीस आला तर ६० युरो दंड. मुख्य स्टेशनच्या परिसरात तुर्की खाणावळी व दुकाने आहेत, त्यामुळे हलाल जेवणाची अडचण येत नाही. मात्र त्या भागात रात्री पाकीट आणि पासपोर्ट जपा. घरून मांसाचे पदार्थ, तूप किंवा दुधाची मिठाई नेऊ नका. युरोपात बाहेरून हे नेण्यास मनाई आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. जानेवारीत सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि सायंकाळी पाचच्या आत मावळतो. म्हणून जोहर, असर, मगरिब जवळजवळ येतात. भेटीच्या वेळा तशाच आखा.

आता मुख्य काम. प्रदर्शनात दुसऱ्याच्या गाळ्यात शिरून आपला माल पुढे करणे बरे दिसत नाही. महिनाभर आधी ईमेल पाठवून आठ-दहा आयातदारांकडे वेळ मागा, पाच मिळाल्या तरी भरपूर. ठरलेल्या वेळेला पाच मिनिटे आधी पोहोचा. नमुने मोजके न्या आणि त्यांवर ‘नमुना, विक्रीसाठी नाही’ असे इंग्रजीत छापा. प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी असावी : सूत, जीएसएम, सेंटिमीटरमधले माप, किमान ऑर्डर, किती दिवसांत माल देणार आणि बंदरापर्यंतचा भाव. तोंडी भाव फेकू नका. तिथे सांगितलेला भाव ते वहीत लिहून ठेवतात.

रंगाचा प्रश्न हमखास विचारला जाईल. काही अझो रंगांवर जर्मनीने १९९० च्या दशकातच बंदी घातली, पुढे साऱ्या युरोपने घातली. ग्राहक प्रयोगशाळेचा दाखला किंवा ‘ओएको-टेक्स’ मागतो. आपला रंगारी कोणता रंग वापरतो, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. दाखला नसेल तर नाही म्हणून सांगा. खोटे बोलून मिळालेली ऑर्डर बंदरावरून परत येते आणि नुकसान आपलेच होते. निर्यातीसाठी आयईसी क्रमांक लागतो, तोही आधीच काढून ठेवा.

रोज रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक व्हिजिटिंग कार्डाच्या मागे काय बोलणे झाले, ते लिहा. परतल्यावर आठवड्याच्या आत सर्वांना उत्तर पाठवा. पहिल्या खेपेत ऑर्डर मिळाली नाही तरी ग्राहक काय मागतो आणि आपला माल कुठे कमी पडतो, एवढे कळले तरी पैसा वसूल झाला असे समजा. त्यातूनच पुढची बरकत येते.