कादंबरीतील स्वभावचित्रण

कादंबरीतील पात्रांच्या वृत्ती, सवयी, मूल्ये आणि त्यांत होत जाणारे बदल लेखक ज्या साधनांनी वाचकापर्यंत पोहोचवतो, त्यांस एकत्रितपणे स्वभावचित्रण किंवा व्यक्तिचित्रण असे म्हणतात. संहितेतील पुराव्यांच्या आधारे त्या स्वभावाचा अर्थ लावणे म्हणजे स्वभावविश्लेषण होय. पात्राला संहितेबाहेर अस्तित्व नसते. त्यामुळे त्याचा स्वभाव हा पाहिलेला नसून वाचकाने काढलेला निष्कर्ष असतो. हा निष्कर्ष कोणाच्या सांगण्यावर आधारलेला आहे, हा विश्लेषणातील कळीचा प्रश्न ठरतो.

== पूर्वपीठिका ==

संस्कृत नाट्यविचारात नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार मानले आहेत. येथे प्रकार आधी ठरतो आणि पात्राने त्यास अनुरूप वागावे अशी अपेक्षा असते. आरंभीच्या मराठी कादंबरीवर या दृष्टीची छाया दिसते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या अद्भुतरम्य कादंबरीत सज्जन आणि दुर्जन यांच्यातील सीमारेषा पहिल्यापासून स्पष्ट असते. त्यापूर्वीच्या, बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये विधवांच्या दुःस्थितीचा प्रश्न मांडणे हा मुख्य हेतू असल्याने बहुतेक पात्रे त्या प्रश्नाची उदाहरणे म्हणून येतात.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे 'सपाट' आणि 'गोल' असे दोन वर्ग सुचवले. सपाट पात्र एका कल्पनेभोवती उभे असते. गोल पात्र वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते. मराठी समीक्षेतही ही विभागणी रुळली आहे. मात्र 'सपाट' हा शब्द पुष्कळदा दूषणासारखा वापरला जातो, ते बरोबर नाही. फॉर्स्टर यांनी सपाट पात्रांची उपयुक्तताही मान्य केली होती, आणि सर्वच पात्रे गोल असलेली कादंबरी वाचकाला पेलणे अवघड जाईल.

== विशेषण आणि पुरावा ==

शालेय उत्तरांत पात्राचे 'स्वभावविशेष' लिहिताना प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी अशी विशेषणे मांडण्याची रीत आहे. ही विशेषणे खोटी नसतात, पण ती कोणत्याही पात्राला लागू पडतात. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मधील आईला 'प्रेमळ' म्हटल्याने तिच्याविषयी फारसे कळत नाही. श्याम पोहायला जाण्याचे टाळून लपून बसतो, तेव्हा हीच आई त्याला शिमटीने मारत घराबाहेर काढते; तो पोहून परत आल्यावर त्याच्या अंगावरील वळांना तेल लावते. मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सोसवत नाही आणि त्याला मारणेही सोसवत नाही. 'प्रेमळ' आणि 'कठोर' असे दोन मुद्दे वेगवेगळे लिहिले की या स्वभावाचा गाभाच हरवतो, कारण तो या दोहोंच्या एकत्र असण्यात आहे.

सामान्यतः पात्राची कृती, त्याचे बोलणे, इतरांची त्याच्याविषयीची मते आणि निवेदकाचे भाष्य यांतून पुरावा मिळतो. या सर्वांचे वजन सारखे नसते. पात्र स्वतःविषयी जे सांगते त्यापेक्षा ते अडचणीच्या वेळी काय निवडते याला सहसा अधिक महत्त्व द्यावे लागते.

== निवेदकाचा प्रश्न ==

मराठीतील अनेक महत्त्वाच्या कादंबऱ्या प्रथमपुरुषी निवेदनात आहेत. अशा कादंबरीत प्रत्येक पात्र निवेदकाच्या नजरेतून येते, म्हणून इतरांच्या स्वभावाचा निवाडा करण्यापूर्वी सांगणाऱ्याचा स्वभाव तपासावा लागतो.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यांच्याच 'करमणूक' या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती यमू या तरुण विधवेचे आत्मकथन आहे. सासरचे वडीलधारे शंकरमामंजी वरवर धर्मनिष्ठ आणि आतून स्वार्थी व ढोंगी आहेत. पतीच्या मृत्यूनंतर यमूचे सक्तीने केशवपन होते, त्यामागे तेच असतात. त्यांचे चित्र एकरंगी असल्याचा आक्षेप घेता येतो. पण कथा सांगते ती त्यांच्या जाचाखाली भरडलेली स्त्री. तिने त्यांच्यात गुण शोधावेत ही अपेक्षाच विचित्र आहे. शिवाय यमूचे निवेदन कडवट नाही. बालपणीच्या खोड्या, दादाशी होणारी भांडणे, पतीने लिहायला-वाचायला शिकवल्याचा आनंद हे सारे ती मोकळेपणाने सांगते. अशी निवेदक ज्या एका माणसाबद्दल बोलताना सौम्य राहत नाही, त्याविषयीची तिची साक्ष त्यामुळेच अधिक विश्वसनीय ठरते. येथे यमूच्या स्वभावाचे विश्लेषण केल्याशिवाय शंकरमामंजींचे विश्लेषण पूर्ण होत नाही.

विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) मध्ये परिस्थिती उलट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची ओळख होते. निवेदक चक्रधर हा पूर्वीच्या प्रेमभंगाने स्त्रियांविषयी कडवट झालेला आहे. तो हॅर्टाला प्रारंभी ज्या अविश्वासाने पाहतो, तो अविश्वास हॅर्टाच्या वागण्यातून सिद्ध होत नाही. वाचकाला हॅर्टा चक्रधरच्या आधी कळू लागते. मुंबईत तो उतरतो, ती बोटीवर राहते. पुढे तिची पत्रे येतात आणि निवेदकाच्या नजरेतून न गाळलेला तिचा आवाज तेव्हा ऐकू येतो. स्वभावचित्रणात पत्र या साधनाचा इतका अर्थपूर्ण उपयोग मराठीत फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर वेगळीच अडचण निर्माण करतो. तो स्वतःला क्षुल्लक लेखतो, सगळ्याची टिंगल करतो, वडिलांविषयी तक्रारी करतो आणि त्यांचे पैसे पुण्यात उधळतो. त्याचे म्हणणे जसेच्या तसे घेतले तर तो बेफिकीर ठरतो. पण धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते त्या भागात त्याच्या भाषेतील टिंगल टिकत नाही. त्यानंतर मागील पाने पुन्हा वाचली की ही बेफिकिरी हा त्याचा स्वभाव आहे की आच्छादन, असा प्रश्न उभा राहतो. कादंबरी त्याचे उत्तर देत नाही.

== समूहाचा स्वभाव ==

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मध्ये विश्लेषणाचे एकक केवळ व्यक्ती राहत नाही. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वस्तीवर राजाराम हा कोवळा शिक्षक एकशिक्षकी शाळा चालवण्यास येतो. कारभारी, दादू बालट्या, आनंदा रामोशी, शेकू ही माणसे त्याला एकेका प्रसंगातून भेटतात. माडगूळकर विशेषणे जवळजवळ वापरतच नाहीत. शेकूकडे दुसरा बैल नसतो, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीने स्वतः जुवाखाली मान देते. या कृतीवर भाष्य करण्याचे लेखक टाळतो आणि विश्लेषकानेही येथे 'त्यागी' हा शब्द घाईने वापरू नये. त्या कुटुंबापुढे पेरणीची वेळ निघून जाण्याखेरीज दुसरा पर्याय नव्हता. स्वभाव कोणता आणि गरज कोणती, हे वेगळे करणे अशा ठिकाणी कठीण होते.

मास्तर हा बाहेरचा आणि वयाने लहान निवेदक आहे. गावाचे न बोललेले नियम त्याला उशिरा कळतात आणि त्याच्याबरोबर वाचकालाही. अखेरीस दुष्काळ पडतो, मेंढरे आणि माणसे वस्ती सोडून निघतात. कोणी कसे वागले याचा निवाडा करण्याइतका अवधी निवेदकालाही मिळत नाही. शाळेत मुले उरत नाहीत आणि तोही गाव सोडतो.