शाळेची पायरी पुन्हा चढताना

जुने गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेनासे झाले, तर जाणता व्यापारी त्याच्यावर संतापत नाही. माल हलका गेला का, नोकराकडून एखादा शब्द वावगा गेला का, की उधारीच्या संकोचाने त्याने रस्ता बदलला, याचा तो आधी शोध घेतो. एखाद्या लग्नकार्यात गाठ पडली, तर बाकीचा विषय न काढता आपुलकीने विचारपूस करतो. हा संयम व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. परंतु घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने शाळेत जाणे थांबवले, की नेमका तोच सुटतो. पहिला आठवडा रागावण्यात जातो, दुसरा आमिषे दाखवण्यात, आणि महिनाभरात कोणी वडीलधारे निर्णय देऊन टाकतात, "नसेल शिकायचे तर बसू दे गादीवर." घरातला वाद तेवढ्यापुरता मिटतो. मुलाने शाळेकडे पाठ का फिरवली, हे मात्र कोणालाच कळलेले नसते.

शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी सोमवारी सकाळी पोट दुखू लागते आणि दुपारी ते आपोआप थांबते. मग चाचणीच्या दिवशी डोके दुखते. वह्या अपूर्ण राहतात, अपूर्ण वह्यांमुळे शिक्षकांसमोर जाण्याची भीती वाटते, आणि त्या भीतीपोटी आणखी एक दिवस बुडतो. प्राथमिक वर्गांपेक्षा माध्यमिक वर्गांत गळती अधिक असते, हे शासकीय आकडेवारीतून वर्षानुवर्षे दिसत आले आहे. याच वयात बीजगणित सुरू होते, शरीर बदलते, आणि चारचौघांतील हसे जिव्हारी लागते. चौथीतला भागाकार कच्चा राहिलेल्या मुलाला आठवीचा वर्ग रोजची मानहानी वाटतो. ती तो बोलून दाखवत नाही. "कंटाळा येतो" एवढेच म्हणतो.

म्हणून "शाळेत का जात नाहीस?" या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी लहान प्रश्न विचारावेत. कोणता तास नकोसा वाटतो? मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खातोस? बसमध्ये कोण त्रास देते? ही विचारपूस जेवणाच्या पंगतीत, सर्वांदेखत करू नये. दुकानातून घरी परतताना, शेजारी शेजारी चालताना मुले अधिक बोलतात. वडिलांशी बोलणे जड जात असेल, तर काका, मामा किंवा मोठी चुलत बहीण हे काम अधिक चांगले करू शकते.

कारणांपैकी काही वैद्यकीय असतात. अधू दृष्टी, रक्ताची कमतरता, रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्याने अपुरी राहिलेली झोप, यांची तपासणी प्रथम व्हावी. तोंडी उत्तरे हुशारीने देणारा मुलगा वाचताना अडखळत असेल, तर डिस्लेक्सियाची शक्यता पडताळावी. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, आणि तिचे प्रमाणपत्र असल्यास मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. असे प्रमाणपत्र घेण्यास अनेक घरे कचरतात; पुढे सोयरिकीत अडचण येईल, अशी भीती असते. त्या भीतीपायी मुलाचा हक्काचा आधार जातो. मन सतत खिन्न किंवा धास्तावलेले दिसले, तर समुपदेशकाकडे जाण्यात विलंब करू नये. केंद्र शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

दुकानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गल्ल्यावर बसलेल्या मुलाला चार दिवसांत शाबासकी मिळते, गिऱ्हाईक त्याला नावाने हाक मारते. शाळेत हरवलेला मान त्याला तिथे गवसतो, म्हणून दुकान त्याला प्रिय वाटते. हा मान खराच असतो, पण शाळेचा विसर पडावा म्हणून तो वापरला जाऊ नये. कायदाही याविषयी स्पष्ट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कौटुंबिक व्यवसायात मदत करता येते, ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि तीही धोक्याच्या कामात नाही. संध्याकाळचे दोन तास दुकानात आणि दिवस शाळेत, असा करार घरात झाला, तर दुकान शाळेचे साहाय्यक होते. शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज हे सारे तिथे हाताशी असते. वर्गात अडलेले गणित गल्ल्यावर सुटते, आणि आपल्याला जमते हा विश्वास घेऊन मुलगा फळ्याकडे परत पाहू शकतो.

'शिकून कोण मोठे झाले' असे म्हणताना शाळा अर्धवट सोडलेल्या कर्तबगार माणसांची नावे घेतली जातात. त्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेता येईल. १८८७ मध्ये कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊरावांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांचा माल विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. परंतु त्यांनी पुढे केले काय, हेही पाहावे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून त्यांनी उरलेले आयुष्य इतरांच्या मुलांना शाळेत आणण्यात वेचले. श्रम करणाऱ्या मुलाने शाळा सोडावी असे त्यांना वाटले नाही. श्रम करीत शिकता यावे, अशी सोय त्यांनी उभारली.

परतीचा मार्ग लहान टप्प्यांचा असावा. वर्गशिक्षकांना आधी भेटून वस्तुस्थिती सांगावी. शक्य असल्यास पहिले काही दिवस अर्धाच वेळ ठेवावा, आवडत्या तासापासून सुरुवात करावी आणि सोबतीला एखादा मित्र असावा. बुडालेला सारा अभ्यास एकदम भरून काढण्याचा हट्ट धरू नये. जिथे पाया कच्चा आहे, तिथून रोज अर्धा तास पुरतो. संध्याकाळी घरी आल्यावर गुणांची चौकशी न करता दिवस कसा गेला एवढेच विचारावे. दिवाळीच्या सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतर पुन्हा एकदा पाऊल अडते. तेव्हा "आम्हाला ठाऊकच होते" हे वाक्य कटाक्षाने टाळावे.

जुनी शाळा नकोशीच झाली असेल, तरी दारे बंद होत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, प्राथमिक शिक्षण अपुरे राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण तो पूर्ण करू शकतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा मराठी माध्यमातही देता येते. तिथे पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडवण्याची मुभा असते. मात्र हा मार्ग दुकानात बसवण्याची पळवाट ठरू नये. रोजचा अभ्यास आणि मार्गदर्शक, दोन्ही ठरलेले असावेत.

घरातील मुलींचा विचारही याच निकषाने व्हावा. आठवी-नववीत मुलगी शाळेत जाईनाशी झाली, तर ती घरकामात सहज सामावून जाते, आणि तिच्या गैरहजेरीची कोणी चौकशीही करीत नाही. दुकानात चहा आणणारा, पार्सले उचलणारा चौदा वर्षांचा मुलगाही कोणाचा तरी शाळा सोडलेला मुलगाच असतो. चौदा पूर्ण झाली म्हणून बिनधोक्याच्या कामावर ठेवण्यास कायद्याची आडकाठी नसेल, तरी त्याचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे, हे मालकाने विचारावे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की एका दुपारची रजा देऊन त्याच्या पालकांसह त्याला शाळेत पाठवावे आणि कामाचे तास शाळेच्या वेळेबाहेर ठेवावेत. पेढीच्या खर्चात त्याच्या वह्या-पुस्तकांची रक्कम फार मोठी नसते.