आलेखावरून मंदीची चाहूल : किती खरी, किती खोटी?

घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वस्ती वाढली, दुकाने वाढली, आणि आता मोबाईलवर शेअरचे भाव पाहणारे व्यापारीही वाढले. दुपारी गिऱ्हाईक नसले की कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत कितीतरी गल्ल्यांवर लाल-हिरव्या काड्यांचा आलेख उघडलेला दिसतो. भिवंडीचा यंत्रमागवाला असो, मुंब्र्याचा शिलाई कारखानदार असो की कल्याणचा कापड दुकानदार, सर्वांचा सवाल एकच असतो : बाजार पडणार हे आलेखावरून आधी कळते काय?

सरळ जबाब असा की, आलेख मंदीची तारीख सांगत नाही. मंदी सुरू झाली असावी, एवढा इशारा तो देतो, आणि तोही थोडा उशिरा. ज्याने हा फरक ओळखला त्याला आलेखाचा उपयोग होतो. ज्याने आलेखाला जन्मपत्रिका समजले, तो नुकसानीत जातो.

हा हिशेब आपल्यासाठी महत्त्वाचा का?

पगारदाराचे पैसे शेअरमध्ये अडकले तरी पहिल्या तारखेला त्याचा पगार येतो. व्यापाऱ्याचे तसे नाही. त्याच पैशातून सूतवाल्याचे बिल भरायचे असते, कारागिराची मजुरी द्यायची असते. शिवाय आपले पुष्कळ बांधव व्याजाच्या ठेवीत पैसा ठेवत नाहीत. म्हणून हाती उरलेली रक्कम माल, सोने, जागा किंवा शेअर यांतच जाते. अशा वेळी शेअर बाजाराची मोठी मंदी थेट धंद्याच्या मुद्दलावर येते.

नुकसानीचे गणितही ध्यानात ठेवावे. शंभराचे नव्वद झाले तर पुन्हा शंभर होण्यासाठी सुमारे ११ टक्के वाढ लागते. शंभराचे पन्नास झाले तर १०० टक्के लागते. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, १० जानेवारी २००८ रोजी २१,२०६ पर्यंत चढला होता. २७ ऑक्टोबर २००८ रोजी तो ७,६९७ पर्यंत घसरला. ही घसरण ६४ टक्क्यांची. ती भरून निघण्यासाठी १७५ टक्के वाढ हवी होती. २१,००० वर बंद भाव दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. पावणेतीन वर्षे कोणता सूतवाला थांबेल?

आलेख म्हणजे भावाची वही

आलेखशास्त्राचा जन्म व्यापाऱ्यांच्याच पेठेत झाला. जपानमध्ये ओसाका शहरातील दोजिमा येथे तांदळाचा संघटित बाजार होता आणि १७३० साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. ज्या काड्यांना आज ‘कँडल’ म्हणतात ती पद्धत जपानी बाजारांतून आली. अमेरिकेत चार्ल्स डाऊ या पत्रकाराने १८८९ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ सुरू केले. बाजाराचा कल कसा ओळखावा हे त्याच्या लिखाणातून पुढे आले. त्याला डाऊचा सिद्धांत म्हणतात.

यामागचा विचार साधा आहे. खबर कुणाला आधी कळते, कुणाला नंतर. ज्याला आधी कळते तो गुपचूप विकतो किंवा घेतो, आणि त्याचा परिणाम भावावर उमटतो. गायमुखच्या घाटात पुढच्या ट्रकांचे लाल दिवे एकामागोमाग लागू लागले की पुढे काहीतरी अडले आहे हे कळते. अपघात आहे, खड्डा आहे की नुसती गर्दी, ते दिव्यांवरून कळत नाही. तरी शहाणा ड्रायव्हर वेग कमी करतो. आलेखाचा उपयोग इतकाच आहे.

मंदीच्या तीन खुणा

पहिली खूण, उतरती शिखरे आणि उतरते तळ. तेजीत भाव चढतो, थोडा उतरतो, मग आधीच्या शिखरापेक्षा वर जातो. मंदीत उलटे होते. २००८ चाच दाखला घ्या. जानेवारीत शिखर २१,००० च्या वर होते. फेब्रुवारीच्या आरंभी बाजार सावरला तो १८,६०० च्या आसपासच थांबला. मेच्या आरंभी १७,६००, ऑगस्टमध्ये १५,५०० च्या आसपास. तळही तसेच : जानेवारीत बंद भाव १६,७३०, मार्चच्या मध्यास १४,८००, जुलैत १२,६०० च्या खाली. प्रत्येक चढणीला “आता मंदी संपली” असे बोलले गेले, आणि प्रत्येक चढण आधीच्यापेक्षा ठेंगणी निघाली. मार्चमध्ये जानेवारीचा तळ मोडला तेव्हाच ही शिडी डोळ्यांना दिसत होती. तेव्हा बाहेर पडणाऱ्याला वरच्या भावापेक्षा सुमारे ३० टक्के कमी मिळाले, हे खरे. पण तेथून बाजार आणखी जवळजवळ निम्मा झाला.

दुसरी खूण, २०० दिवसांच्या सरासरीची रेषा. मागच्या २०० दिवसांचे बंद भाव मिळवून २०० ने भागले की सरासरी येते. उद्या नवा भाव आत येतो, सर्वांत जुना बाहेर जातो, आणि रेषा पुढे सरकते. सुताच्या व्यापाऱ्याला हे नवीन वाटायला नको. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली होती आणि वर्ष संपता संपता भाव साधारण एक तृतीयांशाने उतरला. आजचा भाव गेल्या कित्येक महिन्यांच्या आपल्या सरासरी खरेदीच्या खाली जाऊ लागला की जाणता व्यापारी गोदाम भरणे थांबवतो. शेअरच्या आलेखातील रेषा हीच गोष्ट आकड्यात मांडते. भाव रेषेच्या वर तर कल तेजीचा. रेषेच्या खाली जाऊन तेथेच राहिला, आणि रेषाही खाली वळली, तर कल मंदीचा.

तिसरी खूण, तेजीतील भागीदारी आणि उलाढाल. भाव चढतो पण उचल घटते, म्हणजे माल खपत नाही, हे कापड बाजारात लहान मुलालाही कळते. शेअर बाजारातही भाव चढताना उलाढाल रोडावली आणि पडताना वाढली तर सावध व्हावे. तसेच तेजी किती शेअरमध्ये आहे ते पाहावे. जानेवारी २०१८ मध्ये लहान कंपन्यांच्या निर्देशांकाने शिखर गाठले आणि तो उतरू लागला. सेन्सेक्स मात्र मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या जोरावर चढत राहिला आणि जानेवारी २०२० मध्ये ४२,००० च्या वर गेला. रस्त्यावरच्या चार मोठ्या दुकानांत रोषणाई आणि मागच्या गल्लीत निम्मी शटरे खाली, अशी ती स्थिती होती.

२०२० : इशारा मिळाला, तरी हिशेब तपासा

२० जानेवारी २०२० रोजी सेन्सेक्स ४२,२७३ पर्यंत गेला होता. कोरोनाच्या बातम्या वाढल्या आणि २८ फेब्रुवारीला तो १,४४८ अंकांनी पडून ३८,२९७ वर बंद झाला. तोवर २०० दिवसांची रेषा मोडली होती. २३ मार्चला एका दिवसात ३,९३५ अंक, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक, गेले आणि बंद भाव २५,९८१ राहिला. २८ फेब्रुवारीच्या भावाला बाहेर पडलेल्याची यापुढची ३२ टक्क्यांची घसरण टळली.

पण हिशेब येथे संपत नाही. काही लोक ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीखाली जाण्याची वाट पाहतात. त्यांना तो इशारा मार्चच्या उत्तरार्धात मिळाला, तेव्हा बहुतेक घसरण होऊन गेली होती. आणि २०० दिवसांच्या रेषेने चालणाऱ्याला परत येण्याचा इशारा जुलैत मिळाला, तेव्हा बाजार ३७,०००-३८,००० च्या घरात होता. म्हणजे विकले साधारण ज्या भावाला, परत घेतले त्याच्याच आसपास. त्यात दलाली आणि कर वजा करा. हाती नफा फारसा उरला नाही. वाचली ती मुद्दल आणि रात्रीची झोप. मात्र जो भीतीने बाहेर पडला आणि परत आलाच नाही, त्याला ९ नोव्हेंबर २०२० रोजी सेन्सेक्स ४२,५९७ वर बंद झालेला दुरूनच पाहावा लागला. बाहेर पडण्याचा नियम करताना परत येण्याचा नियमही त्याच दिवशी लिहून ठेवावा, तो यासाठी.

आलेख कुठे फसतो?

१९९२ साल आठवा. सेन्सेक्सने १५ जानेवारीला २,०००, २९ फेब्रुवारीला ३,००० आणि ३० मार्चला ४,००० चा टप्पा ओलांडला. बाजार तापला आहे हे आलेखात फेब्रुवारीतच दिसत होते. तरी ३,००० ला विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत २२ एप्रिलला तो ४,४६७ वर गेला. पाठोपाठ हर्षद मेहताचा रोखे घोटाळा उघडकीस आला आणि ऑगस्टपर्यंत बाजार ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. बँकांच्या खोट्या पावत्यांवर तेजी उभी होती, ते कोणत्याही रेषेत दिसत नव्हते. भाव महाग आहे हे कळणे वेगळे, तो कधी पडेल हे कळणे वेगळे.

खोटे इशारेही येतात. ४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या निकालाच्या दिवशी सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडून ७२,०७९ वर बंद झाला. घाबरून विकणारे पुष्कळ होते. तीनच दिवसांनी, ७ जूनला, तो ७६,६९३ या नव्या उच्चांकावर बंद झाला. त्या दिवशी २०० दिवसांची रेषा बंद भावाला मोडली नव्हती. धीराने रेषा पाहणारा जागेवरच राहिला. पण तीच रेषा नोव्हेंबर २०२४ मध्ये मोडली, डिसेंबरमध्ये बाजार वर आला, पुन्हा खाली गेला. अशा डळमळीत बाजारात रेषेच्या प्रत्येक इशाऱ्यावर धावणाऱ्याचे पैसे दलालीतच जातात.

स्टॉप लॉसवरही आंधळा भरवसा नको. रात्रीतून वाईट खबर आली तर सकाळी बाजार थेट खाली उघडतो आणि ठरवलेला भाव मध्ये लागतच नाही. २३ मार्च २०२० रोजी तर १० टक्के घसरणीनंतर व्यवहारच काही वेळ थांबवावे लागले होते.

व्यापाऱ्याने काय करावे?

१) धंद्याचे खेळते भांडवल शेअरमध्ये घालू नये. सूत, मजुरी, भाडे आणि जीएसटीचा पैसा अलग ठेवून जे उरेल तेच लावावे.

२) आलेख रोज पाहू नये. महिन्यातून एकदा, महिनाअखेरच्या बंद भावावर पाहावा. २०० दिवसांची रेषा, शिखरे-तळ आणि उलाढाल, तीनच गोष्टी वहीत लिहाव्यात. तीनपैकी दोन खुणा उलट्या असतील तर नवी खरेदी थांबवावी आणि काही हिस्सा मोकळा करावा. तिन्ही उलट्या असतील तर आणखी मोकळा करावा. एका दमात सर्व विकणे आणि एका दमात सर्व घेणे, दोन्ही टाळावे.

३) मोकळा झालेला पैसा कुठे जाईल हे आधीच ठरवावे : हंगामाची मालखरेदी, सोने, की चालू खाते. हे न ठरवले तर तो पैसा आठवडाभरात दुसऱ्या कुणाच्या टिपवर परत बाजारात जातो.

४) उसन्या पैशावर शेअर घेऊ नये. दलालाकडून मिळणाऱ्या मार्जिनवर व्याज लागते, आणि भाव पडला की दलाल आपल्याला न विचारता माल विकू शकतो. दोन्ही बाजूंनी हे आपल्या कामाचे नाही.

५) फ्युचर्स-ऑप्शन्सपासून लांब राहावे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असा व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. आलेख त्यांच्याकडेही होते.

६) आलेख शिकवणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी तो माणूस सेबीकडे नोंदलेला आहे काय, हे सेबीच्या यादीत पाहावे. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने केवळ शिक्षण देणाऱ्याला मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कोणत्याही शेअरबाबत बोलण्यास मनाई केली होती. “उद्या हा शेअर घ्या” असे वर्गात सांगणारा शिक्षक नव्हे, हे ओळखावे.

कोणत्या कंपनीचा शेअर जायज, कोणता नाही, हे आलेखातून कळत नाही. ते आलिमांना आणि जाणकारांना विचारून खरेदीपूर्वीच ठरवावे. आलेखाचा सवाल त्यानंतरचा आहे : घेतलेला माल ठेवायचा की कमी करायचा. वहीत पाच-सहा महिने नोंदी करून पाहाव्यात, एक रुपयाही न लावता. स्वतःच्या अक्षरातल्या त्या नोंदींवरून कळेल की आपल्याला नियम पाळता येतो की नाही. पाळता येत नसेल तर पैसा आपल्या धंद्यातच ठेवावा; त्या मालाचा भाव आपल्याला कोणत्याही आलेखाशिवाय कळतो.