उफणणीचे दोन पंखे एका बटणावर

पनवेल परिसरात नागरी वस्ती झपाट्याने वाढली व २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. तरीही तालुक्यातील गावांतून खरिपाचे भात आजही पिकते. खाडीलगतच्या खारवट जमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल १, २ व ३ ह्या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. कापणी व झोडणी आटोपली म्हणजे उफणणीचे काम उरते. त्यासाठी वाऱ्याची वाट पाहत बसण्याऐवजी खळ्यावर विजेचा पंखा लावता येतो. रास मोठी असल्यास दोन पंखे शेजारी मांडतात, आणि मग दोहोंस मिळून एकच बटण असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे करता येते. मात्र बटण एक झाले तरी दोन्ही मोटरींचे संरक्षण वेगवेगळेच राहिले पाहिजे, हे विसरता कामा नये.

बटणाची ताकद

प्रथम दोन्ही मोटरींवरील पत्री वाचून त्यांच्या अँपिअरची बेरीज करावी. २३० व्होल्टवर चालणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर साधारणपणे ४ अँपिअर प्रवाह घेते. दोन मोटरींचे ८ अँपिअर झाले. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर ह्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. घरातील दिव्याचे ६ अँपिअरचे बटण हा भार सोसू शकत नाही. त्याचे संपर्क आतून जळतात किंवा एकमेकांस चिकटून बसतात, व मग बटण खाली-वर करूनही पंखा थांबत नाही. म्हणून फेज व न्यूट्रल ह्या दोन्ही तारा एकदम तोडणारे, मोटरसाठी योग्य असे २० अँपिअरचे दुहेरी बटण वापरणे हितावह होय.

जोडणी

दोन्ही मोटरी समांतर जोडाव्यात, म्हणजे प्रत्येकीस पूर्ण २३० व्होल्ट मिळतील. एकीमागून एक अशा जोडल्यास दाब दोघींत विभागला जातो. पंखे नीट फिरत नाहीत व मोटरी तापतात.

पूर्वी दोन पंख्यांना दोन बटणे असतील, तर अधिक दक्षता हवी. दोन बटणांना येणारी वीज कित्येकदा दोन निरनिराळ्या फ्यूजांतून, क्वचित दोन निरनिराळ्या फेजांवरून आलेली असते. दुसऱ्या पंख्याची तार पहिल्या बटणावर आणताना त्याची जुनी फेज व न्यूट्रल मुळापासून सोडविली नाही, तर एक फ्यूज काढूनही तार जिवंत राहते आणि काम करणाऱ्याच्या प्राणावर बेतते. फेज भिन्न असल्यास जोडताक्षणीच मोठी ठिणगी उडून तारा जळतात.

स्वतंत्र संरक्षण

बटणापुढे दोन वाटा कराव्यात. प्रत्येक वाटेवर त्या त्या मोटरीस जुळणारा फ्यूज व अतिभार होताच सुटणारे साधन बसवावे. ह्याचे कारण असे की, गोणपाटाची सुतळी गुंतून एखादे पाते अडकले, तर ती मोटर फार प्रवाह ओढू लागते. परंतु दोघींचा भार धरून घातलेला सामाईक फ्यूज तेवढ्याने वितळेलच असे नाही. मोटर जळते आणि भोवती पेंढा पसरलेला असल्यास आग खळ्यात शिरते. संरक्षण वेगळे असले म्हणजे एक पंखा बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहते.

प्रत्येक मोटरीच्या धातूच्या अंगास अर्थिंग असावेच. त्याशिवाय मुख्य पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअर गळतीला सुटणारा आर. सी. सी. बी. बसवावा. हे साधन माणसाचा जीव वाचविण्यासाठी असते, फ्यूजचे काम ते करीत नाही.

खळ्यावरील दक्षता

खाडीकडील खाऱ्या व दमट हवेत तारांच्या टोकांवर गंज चढतो, सांधा सैल होतो व तापतो. म्हणून बटण झाकणाच्या बंद पेटीत, जमिनीपासून उंच बसवावे. हंगामापूर्वी वीज तोडून सर्व स्क्रू तपासावेत. तारेस मध्येच पीळ देऊन जोड करू नये. दवाने ओल्या जमिनीवर तार पसरू नये. वीज गेल्यास बटण लगेच बंद करावे. अन्यथा पात्यातील काडीकचरा काढीत असतानाच वीज परत येते व दोन्ही पंखे एकदम फिरू लागतात.

ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. काम पूर्ण झाल्यावर शेतकऱ्याने एक-एक फ्यूज काढून दुसरा पंखा चालू राहतो की नाही, आणि बटण बंद करताच दोन्ही पंखे थांबतात की नाही, हे त्याच्यासमक्ष पाहून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी झोडणीस आरंभ होण्यापूर्वीच ही तपासणी खळ्याखळ्यावर करवून घेतल्यास धान्य, मोटर आणि माणूस तिन्ही सुरक्षित राहतील.