मांडीवर मूल नको

कोपनहेगनच्या मध्यभागी, रोझेनबोर्ग किल्ल्याला लागून, राजाची बाग आहे. चौथ्या ख्रिश्चन राजाने सतराव्या शतकाच्या आरंभी ती करवून घेतली. झाडांनी धरलेले लांबलचक रस्ते, गुलाबांचे ताटवे आणि ऊन पडलं रे पडलं की हिरवळीवर आडवं झालेलं अर्धं शहर. इथेच परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनचा ब्राँझचा पुतळा बसला आहे. एका हातात पुस्तक, दुसरा हात पुढे केलेला. गोष्ट ऐन रंगात आलेली. ऐकणारं मात्र शिल्पात कोणीच नाही.

हा स्वतः अँडरसनचा हट्ट. 1875 मध्ये त्याला सत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा पुतळ्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. शिल्पकार आउगुस्ट सोब्यू कच्चा आराखडा घेऊन आला. त्यात लेखकाच्या अंगाशी मुलं झटलेली. आजारी म्हातारा भडकला. कोणी पाठीशी रेललं, अंगावर टेकलं की आपल्याला वाचताच येत नाही, आणि आपल्या कथा जितक्या मुलांच्या तितक्याच मोठ्यांच्या, असं त्याचं म्हणणं. ते खरंच होतं. कादंबऱ्या, नाटकं, प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या या माणसाला ‘बालमित्र’ म्हणून कोपऱ्यात बसायचं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला; 1880 मध्ये पुतळा उभा राहिला, मुलांशिवाय.

चौथऱ्यावरची उठावशिल्पं थांबून पाहावीत. एकात त्याच्या गोष्टीतले करकोचे आहेत, दुसऱ्यात कुरूप बदकाचं पिल्लू. हे पिल्लू गदिमांच्या गाण्यामुळे आपल्या घरचंच.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 1956 साली बसवलेला अँडरसन याच्या अगदी उलट. मांडीवर उघडं पुस्तक, पायाशी बदक, आणि पोरं बिनदिक्कत अंगावर चढतात. कोपनहेगनलाही टिव्होली उद्यानासमोरच्या दुसऱ्या पुतळ्याचा गुडघा पर्यटकांनी बसून बसून चकचकीत केला आहे. छायाचित्रांसाठी तेच पुतळे सोयीचे, हे कबूल. पण त्यांच्यासमोर आपण फक्त पोझ देतो. बागेतला पुतळा आपल्याला श्रोता करतो, म्हणून माझं मत त्याला.

बाग नोरपोर्ट स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. आत जायला तिकीट नाही. राजमुकुट ठेवलेला किल्ला पाहायचा असेल, तर मात्र काढावं लागतं.