हातच्या एवढ्या बिटासाठी

आर्डुइनो ऊनो बोर्डावरच्या एटीमेगा 328पी चिपमध्ये प्रोग्रामसाठी 32 किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी जेमतेम 2 किलोबाइट जागा असते. एवढ्याशा जागेत कंपायलर मावणं शक्यच नाही. तो चालतो लॅपटॉपवर, पण आज्ञा लिहितो केबलच्या दुसऱ्या टोकाच्या चिपसाठी. शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये मुलगी 'अपलोड'वर क्लिक करते, तेव्हा पडद्याआड अख्खी टूलचेन कामाला लागते. जीसीसी हा कंपायलर तिचा प्रोग्राम असेंब्लीत उतरवतो, बिनयुटिल्समधला असेंबलर त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करतो, लिंकर त्याला एव्हीआर-लिबसी या लायब्ररीशी जोडतो आणि एव्हीआरड्यूड तयार फाइल चिपमध्ये भरतो. चारही प्रकल्प मुक्त स्रोत आहेत. त्यातला एक जरी मागे पडला, तरी मुलीच्या बोर्डावरचा दिवा लुकलुकत नाही.

2019 मध्ये जीसीसीचाच दुवा निखळायच्या बेतात होता.

एटीमेगा ज्या एव्हीआर कुळातली, त्या कुळातल्या चिपमध्ये आठ बिटांचं एक स्टेटस रजिस्टर असतं. बेरजेत हातचा आला का, उत्तर शून्य आलं का, अशा नोंदी त्यात होतात. 'तापमान 40च्या वर गेलं तर पंखा लाव' असं लिहिलं, की कंपायलर एक तुलनेची आज्ञा काढतो आणि लगेच दुसरी आज्ञा ती नोंद वाचून उडी मारायची की नाही हे ठरवते. दोघींच्या मध्ये तिसरी आज्ञा घुसली आणि तिने नोंद बदलली, तर पंखा भलत्याच वेळी लागेल. जीसीसीच्या जुन्या पद्धतीत, जिला सीसीझिरो म्हणत, या नोंदींचा कारभार आडपडद्याने चाले. तुलना आणि उडी शेजारी-शेजारी राहतील असं गृहीत धरलेलं असे. ही पद्धत कंपायलरच्या बाकीच्या भागांना अडचणीची झाली होती. ती काढून टाकायची आणि जे प्रोसेसर नव्या पद्धतीवर येणार नाहीत त्यांचा आधार थांबवायचा, असं जीसीसीच्या विकासकांनी ठरवलं. अशा प्रोसेसरांच्या यादीत एव्हीआर होता.

मला हा निर्णय निष्ठुर वाटत नाही. कोणी सांभाळत नसलेला भाग कंपायलरमध्ये तसाच ठेवला, तर तो चुकीची आज्ञा काढतो, आणि ती चूक सापडते पार प्रत्यक्ष यंत्रात. पण काम सोपं नव्हतं. स्टेटस रजिस्टर बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेत तसं स्पष्ट नोंदवायचं होतं, आणि एव्हीआरमध्ये बहुतेक अंकगणिती आज्ञा ते बदलतात. त्यात आणखी एक पेच. रजिस्टरं कमी पडली, की कंपायलर आकडे मेमरीत हलवतो आणि त्यासाठी स्वतःच्या आज्ञा मध्ये घालतो. त्याही नोंद पुसू शकतात. म्हणून तुलना आणि उडी यांना रजिस्टरांची वाटणी पुरी होईपर्यंत एकत्र बांधून ठेवावं लागतं आणि नंतरच वेगळं करावं लागतं.

या कामासाठी लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढून बक्षीस लावलं. सेंथिल कुमार सेल्वराज या विकासकाने रूपांतर पूर्ण केलं, 2021 मध्ये ते जीसीसीत आलं आणि पुढच्या वर्षीच्या जीसीसी 12 मध्ये एव्हीआर टिकला. सीआर16 या प्रोसेसरसाठी मात्र कोणी पुढे आलं नाही. त्याचा आधार जीसीसी 11 मध्येच कालबाह्य ठरवला गेला.

कंपायलर जगला, तरी तो घरोघर पोहोचवणं हे वेगळंच काम. विंडोज, मॅक, लिनक्स, एआरएमवरचा लिनक्स, प्रत्येकासाठी तोच कंपायलर वेगळा बांधावा लागतो. आर्डुइनो या सगळ्यांची एक सूची ठेवतं. सूचीत प्रत्येक फाइलचा पत्ता, आकार आणि एसएचए-256 हा तपासणी-आकडा असतो. उतरवलेल्या फाइलचा आकडा जुळला नाही, तर ती बसवली जात नाही. ही खबरदारी मला फार मोलाची वाटते. कंपायलरमध्येच कोणी फेरफार केला, तर मूळ प्रोग्राम कितीही वेळा वाचला तरी दोष दिसणार नाही.

जुन्या फाइलीही सूचीतून सहजी हटवता येत नाहीत. आर्डुइनोच्या एव्हीआर संचाच्या 1.8.6 या आवृत्तीतसुद्धा जीसीसी 7.3 आहे, आणि तो मुळात 2018 मधला. कंपायलर बदलला की प्रोग्रामचा आकार आणि आज्ञांचा क्रम बदलतो. जुन्या कंपायलरवर 32 किलोबाइटमध्ये काठोकाठ बसलेला प्रोग्राम नव्यावर बसेलच असं नाही. शेतातल्या पंपावर बसवलेलं यंत्र पाच वर्षांनी दुरुस्त करायचं, तर ज्या कंपायलरने त्याचा प्रोग्राम घडवला तोच पुन्हा उतरवता यावा लागतो, आणि त्यासाठी या फाइली ठेवलेल्या सर्व्हरचं भाडं दर महिन्याला कोणाला तरी भरत राहावं लागतं.