दोन किलोमीटरची लहर, बारा मीटरची तार

दरवर्षी २४ डिसेंबरला स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, वारबर्गजवळच्या ग्रिमेटन नावाच्या खेड्यात, पोलादाचं एक चाक फिरवायला घेतात. व्यास १.६ मीटर, कडेवर ४८८ खाचा. चाकाने मिनिटाला २,११५ फेऱ्यांचा वेग गाठला की हिशेब शाळकरी आहे: ४८८ गुणिले २,११५, भागिले ६०. उत्तर येतं सेकंदाला साधारण १७,२०० आवर्तनं, म्हणजे १७.२ किलोहर्ट्झ. यात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही. रेडिओलहर थेट त्या फिरत्या चाकातून निघते आणि १२७ मीटर उंचीच्या सहा मनोऱ्यांवरच्या तारांतून हवेत जाते. मग मोर्समध्ये ‘एसएक्यू’ ही केंद्राची खूण वाजते. जगभरातले हौशी लोक तेव्हा कान टवकारून बसलेले असतात.

गंमत अशी, की हे ऐकायला रेडिओ लागतच नाही. १७.२ किलोहर्ट्झ ही वारंवारता लॅपटॉपच्या साध्या साउंडकार्डाच्या आवाक्यात आहे. तिथे येणारी लहर आवाजाची आहे की विद्युतचुंबकीय, याच्याशी त्या कार्डाला काही सोयरसुतक नसतं. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे पुष्कळ वेढे द्यायचे, टोकं छोट्या अँप्लिफायरमार्फत माइकच्या जागी जोडायची आणि पडद्यावर वर्णपटाचा ‘धबधबा’ दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर चालू करायचं. लघुवारंवारतेच्या छंदात शिरायचा याहून स्वस्त दरवाजा नाही. एवढाही खटाटोप नको असेल, तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून कुणालाही फिरवता येतो, आणि त्याची पट्टी अगदी तळापासून सुरू होते.

इथे एक सूचना. ‘घरबसल्या पाणबुड्यांचे गुप्त संदेश ऐका’ अशा मथळ्यांचे व्हिडिओ बरेच दिसतात. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या विजयनारायणम इथलं नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र १९९० पासून पाणबुड्यांशी अशाच अतिलांब लहरींवर बोलतं. त्याची १८.२ किलोहर्ट्झची रेघ भारतात घरच्या पडद्यावर उमटू शकते. पण उमटते ती रेघच. संदेश सांकेतिक असतो आणि तो उलगडणं हा छंदाचा भाग नव्हे. ती रेघ मोलाची आहे ती वेगळ्या कारणाने. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली की आयनांबराचा तळ बदलतो आणि रेघेची तीव्रता एकदम हलते. सूर्याचा असा उद्रेक स्वतःच्या टेबलावर टिपण्यातली मजा कुठल्याही गुप्त संदेशाहून मोठी आहे.

हौशी मंडळींचं या लहरींशी नातं मात्र जरा कडवट आहे. अमेरिकेच्या १९१२ च्या रेडिओ कायद्याने हॅमना, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांना, २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं. त्या काळची समजूत अशी, की लहर जितकी लांब तितका पल्ला लांब. आखूड लहरी बिनकामाच्या, त्या पोराटोरांना देऊन टाका. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसन इथल्या थंडीत, तंबूत बसलेल्या पॉल गॉडली यांनी अमेरिकेतल्या हौशी केंद्राचे संकेत टिपले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेओं दलुआ आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल अटलांटिकच्या दोन काठांवरून एकमेकांशी बोलले, तेही सुमारे ११० मीटर लहरीवर. बिनकामाच्या लहरींनी महासागर ओलांडला होता!

मग बड्या कंपन्या त्याच वाटेने धावल्या. मार्कोनींची आखूड लहरींवरची ‘बीम’ सेवा भारतात १९२७ मध्ये आली. तिचं प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीहून व्हायचं, तर ग्रहण दौंडला. ग्रिमेटनचं उद्घाटन राजा पाचवा गुस्ताव्ह यांच्या हस्ते जुलै १९२५ मध्ये झालं होतं. म्हणजे खडकीचे मनोरे उभे राहिले, तेव्हा दोन वर्षं वयाचं ते अवाढव्य यंत्र जुनं ठरलं होतं.

ते यंत्र रचणारे अर्न्स्ट अलेक्झांडरसन आज कुणाला आठवत नाहीत. रेडिओ म्हटलं की मार्कोनी, फार तर जगदीशचंद्र बोस. खरं तर अलेक्झांडरसन यांच्या जनित्राचे हक्क मार्कोनी कंपनीच्या हाती जाऊ नयेत, या अमेरिकी नौदलाच्या धडपडीतूनच १९१९ मध्ये आरसीए ही कंपनी जन्मली. १९२३ मध्ये त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं, तेव्हा ती बातमी रेडिओवरून सांगितली गेली. ती ऐकलेल्या एका माणसामुळे मुलगा काही दिवसांत सुखरूप सापडला. अख्खं आयुष्य रेडिओला वाहिलेल्या माणसाला रेडिओने केलेली ही परतफेड म्हणायची.

लांब लहरी पुढे हळूहळू ओस पडल्या. जहाजांची ५०० किलोहर्ट्झवरची संकटवाहिनी १९९९ मध्ये उपग्रहांवर आधारलेल्या नव्या व्यवस्थेला जागा देऊन निवृत्त झाली. जहाजांच्या रेडिओखोलीतल्या घड्याळांवर प्रत्येक तासात दोनदा, तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे रंगवलेले असत. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसून फक्त ऐकायचं, कुणी क्षीण आवाजात मदत मागत असेल तर कळावं म्हणून. मुंबई रेडिओचे, म्हणजे ‘व्हीडब्ल्यूबी’चे संकेत आठवणाऱ्या निवृत्त मराठी खलाशांना हे पट्टे सांगायला नकोत.

रिकाम्या झालेल्या या वाड्यात हॅम मंडळी भाडेकरू म्हणून परतली. ब्रिटनने १९९६ मध्ये ७३ किलोहर्ट्झजवळ प्रयोगांना वाट दिली. आंतरराष्ट्रीय परिषदांनी २००७ मध्ये १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ आणि २०१२ मध्ये ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हे पट्टे हौशी वापरासाठी मोकळे केले. अमेरिकेत परवानगी यायला २०१७ उजाडलं, कारण वीज कंपन्या उच्चदाबाच्या तारांवरून त्याच वारंवारतांवर आपले संकेत पाठवतात. अशा तारेपासून अँटेना निदान एक किलोमीटर दूर हवी, अशी अट तिथे आहे.

इथून पुढे हिशेब मजेदार होतो. १३६ किलोहर्ट्झची लहर २,२०० मीटर लांब. पाव लहरीची उभी अँटेना म्हटली तरी ५५० मीटर, आणि घरच्या अंगणात उभा राहतो जेमतेम बारा मीटरचा खांब. अशा खांबाचा विकिरणरोध ओहमच्या विसाव्या भागाइतका, तर जमिनीतला तोटा सत्तर-ऐंशी ओहम सहज. प्रेषकातून निघालेल्या शंभर वॅटपैकी हवेत जातो एका वॅटचा अंश. बाकी सगळी वीज गांडुळांना ऊब देते. नियमाने मुभा आहे ती जेमतेम एक वॅट परिणामी विकिरणाची, पण तेवढं साधायलाही पाचेकशे वॅटचा प्रेषक लागतो. मर्यादा तुटेल ही भीती नाही. तिथवर पोचणं हीच कसरत.

खांब तोकडा पडतो, म्हणून त्याला कित्येक मिलिहेन्रीची गुंडाळी जोडावी लागते. ती कशावर गुंडाळतात? प्लॅस्टिकच्या बादलीवर, पिंपावर, कधी कचऱ्याच्या डब्यावर. जगभरातल्या हौशी केंद्रांत ही बादली दिसते आणि पाहुण्यांना तीच आधी दाखवली जाते. दिसायला गरीब, पण चालू असताना तिच्या वरच्या टोकाला दहा हजार व्होल्ट असू शकतात. ओल्या दोरीवरून ठिणगी धावते, प्लॅस्टिक वितळतं. या बादलीपासून मुलं आणि मांजरं लांब ठेवलेलीच बरी.

एवढी क्षीण लहर मग पोचते कशी? उत्तर मावळातल्या माणसाला ठाऊक आहे. दरीच्या पलीकडच्या माणसाशी कुणी वाक्यं बोलत बसत नाही. कुकारा घालतात, एकच स्वर लांबवर ओढून. संकेत जितका सावकाश, तितका तो अरुंद पट्ट्यात मावतो आणि तितकी खरखर गाळता येते. म्हणून लघुवारंवारतेचे हॅम मोर्समधलं एक टिंब तीस-तीस सेकंद ताणतात. या गतीने एक शब्द पाठवायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. कानाला हे ऐकूच येत नाही, पडद्यावरची रेघ डोळ्यांनी वाचायची. या शतकाच्या सुरुवातीलाच अशा कूर्मगतीने १३६ किलोहर्ट्झवरून अटलांटिक ओलांडला गेला.

हे काम संगणकावर सोपवण्याचं मोठं श्रेय जो टेलर यांचं. रसेल हल्स यांच्यासोबत जोडपल्सार शोधल्याबद्दल १९९३ चं भौतिकीचं नोबेल मिळवलेले हे खगोलशास्त्रज्ञ लहानपणापासून हॅम आहेत. पल्सारचे क्षीण ठोके खरखरीतून उपसणाऱ्या या माणसाने २००८ मध्ये ‘डब्ल्यूएसपीआर’ ही पद्धत आणली. सुमारे दोन मिनिटांत तिच्यातून फक्त ५० बिट जातात: खूण, ठिकाण आणि ताकद. ऐकणारं केंद्र नोंद आपोआप इंटरनेटवर टाकतं आणि सकाळी उठून पाहिलं, की आपली कुजबूज रात्री कुठवर गेली ते नकाशावर दिसतं. बादली आणि नोबेल एकाच टेबलावर येण्याचे प्रसंग विज्ञानात विरळाच.

भारतात नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ऐकावंच. प्रक्षेपणाला परीक्षा आणि परवाना लागतो, आणि परवान्यात कोणते पट्टे आहेत ते नीट पाहूनच बटण दाबायचं. ऐकण्यातही हंगाम सांभाळावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजा शेकडो किलोमीटरवरून कडकडतात आणि पडदा पांढरा करून टाकतात. थंडीतल्या रात्री त्या मानाने शांत. पण वर्षभराचा शत्रू घरातच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजारच्या गच्चीवरची सौरयंत्रणा, सगळ्यांची खरखर नेमकी याच पट्ट्यांत सांडते.

विजेपासून पळ काढण्याची कोकणात मोठी परंपरा आहे. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचं ठरलं, तेव्हा कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला जागा निवडली, पोरबंदरी दगडाची चुंबकत्वहीन इमारत उभारली, आणि १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच मापनं घेऊन सांधा जुळवला. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. तिचा त्रास चुंबकीय क्षेत्राला होता, रेडिओला नव्हे. पण उपाय आजही तोच. पहिल्या रात्री घराचा मेन स्विच बंद करून, लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. तरीही पडद्यावर धुकंच दिसलं, तर चौकट बगलेत मारावी आणि विजेच्या तारा नसलेल्या एखाद्या सड्यावर जाऊन बसावं.